दुकान चालू ठेवून सर्व्हरची बिघडलेली डिस्क कशी बदलायची?



मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की बिलिंगच्या सर्व्हरला एक नाही, दोन डिस्क लावा. आता पुढचा प्रश्न: त्या दोनपैकी एक गेली तर करायचं काय? आमच्याकडे हे खरंच घडलंय, तेही गणपतीच्या आधीच्या शनिवारी.

आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस लाइटच्या माळा, फोकस, एक्स्टेंशन बोर्ड यांची नुसती झुंबड असते. तीन काउंटर, आणि तिन्हींचं बिलिंग आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरवर. त्यावर फ्रीबीएसडी आहे, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातली मोफत सिस्टीम. आत १ टीबीच्या दोन डिस्क झेडएफएस मिररमध्ये लावल्यात. मिरर म्हणजे काय, तर जे लिहिलं जातं ते दोन्ही डिस्कवर लिहिलं जातं. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालतं.

आणि इथेच फसगत होते बघा. काम इतकं सुरळीत चालतं की एक डिस्क गेलीये हे कळतच नाही. सर्व्हर बसवणाऱ्याने रोजचा अहवाल चालू करून दिला होता, पण तो जात होता सर्व्हरवरच्याच रूटच्या मेलबॉक्समध्ये. तो मी कधी उघडलाच नव्हता. त्या दिवशी सहज बघितलं तर पाच आठवड्यांपासून रोज तेच लिहून येत होतं: डिग्रेडेड. म्हणजे पाच आठवडे आमची सगळी उधारी, स्टॉक आणि जीएसटीची बिलं एकाच डिस्कवर तरंगत होती!

आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "अगं, दुकान चालू असताना त्या पेटीला हात लावू नकोस. रात्री बघ." त्यांचं चूक नव्हतं. पण मी म्हटलं, आप्पा, ही दुसरी डिस्क दुपारी गेली तर?

कमांड इंग्रजीत कशा टाइप करायच्या ते व्हिडिओत स्क्रीनवर आहे. इथे मी नावं देते आणि कारण सांगते, कारण कारण कळलं की हात थरथरत नाही.

पहिली कमांड 'झेडपूल स्टेटस'. आमच्या पूलचं नाव झेडरूट. त्याच्यासमोर डिग्रेडेड, एडीए० ऑनलाइन आणि एडीए१ फॉल्टेड असं दिसलं. खाली लिहिलं होतं की डेटामध्ये चूक आढळलेली नाही. जीव भांड्यात पडला. तरी डिस्कला हात लावण्याआधी मी बिलिंगच्या डेटाबेसची कॉपी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेतली. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एखादी फाइल उडवलीत तर ती दोन्ही डिस्कवरून उडते.

आता सगळ्यात धोक्याचा भाग: नेमकी कुठली डिस्क बाहेर काढायची?

आमच्या ट्रेवर स्टिकर होते, वर '१' आणि खाली '२'. मी सरळ '१'चा ट्रे धरला. मग आठवलं की सिस्टीम शून्यापासून मोजते! एडीए० म्हणजे आमचा वरचा '१' नंबरचा ट्रे, आणि बिघडलेली एडीए१ खाली '२' मध्ये. वरचा ओढला असता तर चांगली डिस्क हातात आली असती आणि तिन्ही काउंटर जागच्या जागी थिजले असते. म्हणून स्टिकरवर नाही, सीरियल नंबरवर विश्वास ठेवा. 'कॅमकंट्रोल आयडेंटिफाय' किंवा 'स्मार्टसीटीएल' ही कमांड डिस्कचा नंबर दाखवते आणि तोच डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो. मेलेली डिस्क उत्तरच देत नसेल तर उलटं करा. जिवंत डिस्कचा नंबर काढा, आणि तो ज्या डिस्कवर आहे तिला हात लावायचा नाही.

नंबर जुळल्यावर 'झेडपूल ऑफलाइन' करून सिस्टीमला सांगितलं की ही डिस्क मी काढतेय. मग खालचा ट्रे बाहेर. बाहेर बिलं चालूच होती. पण हे चालू मशीनवर तेव्हाच करायचं, जेव्हा ट्रे हॉट-स्वॅपचे असतील आणि बायॉसमध्ये हॉट-प्लग चालू असेल. साध्या कॅबिनेटमध्ये स्क्रूने डिस्क बसवलेली असेल तर आप्पांचंच ऐका, रात्री बंद करून बदला.

नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. लहान चालत नाही. ती बसवली की चांगल्या डिस्कवरची पार्टिशनची मांडणी तिच्यावर उतरवायची: 'जीपार्ट बॅकअप' एडीए० वरून, 'जीपार्ट रिस्टोर' एडीए१ वर. एंटर दाबण्याआधी कुठून आणि कुठे हे मोठ्याने वाचा, मी वाचते. सोबत बूटचा भागही नव्या डिस्कवर टाकायचा. हे बरेच जण विसरतात. मग सहा महिन्यांनी दुसरी डिस्क जाते, डेटा नव्या डिस्कवर शाबूत असतो, आणि मशीन चालूच होत नाही.

शेवटी 'झेडपूल रिप्लेस'. यानंतर डेटा नव्या डिस्कवर भरला जातो, त्याला रिसिल्व्हर म्हणतात. झेडएफएस वापरलेली जागाच कॉपी करतं, रिकामी नाही. आमचा डेटा १४० जीबी होता, काउंटर चालू असताना सव्वा तास लागला. बिल यायला थोडा उशीर होत होता, पण गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. या वेळात मशीन रीस्टार्ट करायचं नाही. जुनी डिस्क आता एकटी आहे आणि तिच्यावर वाचनाचा ताणही आहे. यूपीएस आधीच तपासा.

स्टेटसमध्ये पुन्हा ऑनलाइन दिसल्यावर रात्री 'झेडपूल स्क्रब' लावलं. त्यात सगळा डेटा वाचून पडताळला जातो.

एक चूक मात्र माझीच होती. दोन्ही डिस्क मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या घेतल्या होत्या. दोघींचं वय सारखं, कष्ट सारखे. पहिली गेली म्हणजे दुसरीचा भरवसा काय? नवी डिस्क मला ५,२०० रुपयांना पडली आणि कुरकुर करत मी दुसरीचेही पैसे बाजूला काढले. रोजचा अहवाल आता रूटकडे नाही, माझ्या मोबाइलवर येतो.

दुसरी डिस्क दसऱ्यानंतर बदलली, दुकान चालू असतानाच. त्या वेळी लेबलवरचा नंबर आप्पांनी मोबाइलच्या उजेडात स्वतः वाचून दाखवला, दोनदा.