पंखा फिरतो, पडदा काळाच

लॅमिंग्टन रोडवर दोन फेऱ्या मारून भाच्याने डेस्कटॉपचे सुटे भाग आणले आणि रविवारी दुपारी घरीच जोडले. बटण दाबताच पंखे फिरले, मदरबोर्डवर दिवे लागले. मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’ येऊन पडदा काळा झाला. त्याचा रडवेला फोन आला, “मामा, प्रोसेसर जळला वाटतं.”

“आधी बटण बंद कर. मग एकेक बघू,” मी म्हटलं.

पंखा फिरला म्हणजे वीज आली, एवढेच कळते. बटण दाबल्यावर एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आधी आपला विद्युतदाब स्थिर करते आणि सेकंदाच्या काही दशांशांत ‘वीज ठीक आहे’ असा इशारा मदरबोर्डला देते. मग प्रोसेसर बायॉसच्या चिपमधली पहिली सूचना वाचतो. त्यानंतर रॅम तपासली जाते, मग ग्राफिक्स, शेवटी डिस्क. या स्वयंतपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. १९८१ साली आलेला आयबीएमचा पीसी ती पार पडल्यावर एकदा ‘बीप’ करायचा. चित्र उमटते ते ग्राफिक्सची पाळी आल्यावर. त्याआधी कुठेही अडले की पडदा काळाच राहतो.

शोध बाहेरून आत न्यावा. मॉनिटरला स्वतःची वीज आहे का? त्याच्या मेनूत एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट, नेमका कोणता इनपुट निवडला आहे? मग केबलचे दुसरे टोक पाहा. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर केबल कार्डाच्याच पोर्टला लावायची. मदरबोर्डच्या पोर्टला लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. उलट कार्ड नसेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो त्यात ते नसते. रायझन ५ ५६०० मध्येही नसते, ५६००जी मध्ये असते. ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरला कार्डाशिवाय चित्र दाखवताच येत नाही.

यानंतर विजेच्या जोडण्या. २४ पिनांचा मोठा कनेक्टर सगळे लावतात. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ, आठ पिनांचा दुसरा कनेक्टर असतो, तो राहून जातो. तो नसला तरी पंखे फिरतात, प्रोसेसर मात्र उपाशी राहतो. मोठ्या ग्राफिक्स कार्डालाही स्वतंत्र वायर लागते.

भाच्याच्या या सगळ्या जोडण्या बरोबर होत्या. मग मी त्याला व्हिडिओ कॉलवर मोबाइलचा कॅमेरा मदरबोर्डच्या कडेसमोर धरायला सांगितला. आजकालच्या बऱ्याच बोर्डांवर तिथे चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहतो, तपासणी तिथे अडलेली असते. याचा डीरॅमचा दिवा जळत होता.

त्याने रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या होत्या. दोन पट्ट्यांसाठी बहुतेक चार खाचांच्या बोर्डांना तीच जागा लागते. पण नीट पाहिले तर एका पट्टीच्या खालच्या टोकाला सोनेरी रेघ केसभर दिसत होती. त्याच्या बोर्डावर रॅमचा खटका एकाच बाजूला होता. त्या बाजूने ‘खट्’ आवाज आल्यावर त्याला वाटले, बसली. दुसरे टोक वरच राहिले होते.

“वायर काढ, पट्टी काढून पुन्हा बसव. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सारखा दाब दे.”

पुन्हा बटण. पडदा काळाच. तो बंद करायला धावला, मी थांबवले. डीडीआर५ रॅम असलेला नवा संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी वेग जुळवत बसतो. त्यात काही मिनिटेही जातात, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. तिसऱ्या मिनिटाला बायॉसचे पान उमटले.

तरीही उजेड पडला नाही, तर वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटे बाहेर ठेवा, म्हणजे बायॉसची मांडणी मूळपदावर येते. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर असेल, तर आधी बायॉस अद्ययावत करावे लागू शकते. काही बोर्डांवर ते पेनड्राइव्ह लावून एका बटणाने होते. शेवटी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी व ग्राफिक्स एवढ्यावर चालवून पाहा. बाहेर चित्र आले, तर बोर्डाखाली चुकीच्या जागी बसवलेला एखादा स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारा छोटा खांब) टेकून शॉर्ट होत असणार.

हात घालण्याआधी भिंतीवरची वायर काढायचीच. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही धोक्याची वीज साठून राहते. एका एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्याला लावू नका. प्लग बसला तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते कागदावर लिहा. पाच गोष्टी एकदम हलवल्या, तर संगणक सुरू होऊनही दोष कुठे होता ते कळत नाही. नव्या संगणकाचा पडदा काळा राहिला, तर भाग जळला असे ठरवून दुकानात जाण्याआधी प्रत्येक जोडणीवर एकदा अंगठा ठेवून पाहा.