घेट्टोचे दरवाजे आणि गावकुसाबाहेरची वस्ती

व्हेनिस म्हटले की पाण्यावरचे राजवाडे, लांबट होड्या आणि सेंट मार्कचा चौक एवढेच आपल्याला सिनेमातून ठाऊक असते. शिष्यवृत्तीवर जर्मनीत शिकणारे आम्ही तिघे विद्यार्थी मात्र या शहरात वेगळ्या कारणासाठी गेलो. बाबासाहेबांच्या एका अपूर्ण राहिलेल्या ग्रंथाच्या नावातच ‘घेट्टो’ हा शब्द आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात तो वाचायला मिळतो. हा शब्द जगाला ज्या वस्तीने दिला, ती वस्ती व्हेनिसमध्ये आहे. ती आम्हाला डोळ्यांनी पाहायची होती.

२९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या सिनेटने हुकूम काढला की, शहरातील सर्व ज्यूंनी एका बेटावर राहायला जावे. त्या जागी पूर्वी तांब्याच्या ओतकामाची भट्टी होती. भट्टीला तिथल्या बोलीत ‘जेतो’ म्हणत. जर्मनीकडून आलेल्या ज्यूंच्या तोंडी त्याचे ‘घेट्टो’ झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रात्री दरवाजे बंद. सकाळी सेंट मार्कच्या मनोऱ्यावरची मोठी घंटा वाजली की उघडायचे. पहारेकरी ख्रिश्चन, भोवतीच्या कालव्यांतून गस्तीच्या होड्या, आणि या सगळ्याचा खर्च ज्यूंच्याच माथी! जुन्या भाडेकरूंना काढून ज्यूंकडून एक तृतीयांश भाडे जास्त घेण्याची मुभा घरमालकांना मिळाली. घर विकत घेण्याचा हक्क मात्र ज्यूंना नव्हता. आडनाव ऐकून घर नाकारले गेलेल्या आपल्या शहरी बांधवांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ओळख पटावी म्हणून अंगावर पिवळी खूण, पुढे पिवळी किंवा लाल टोपी. धंदे ठरवून दिलेले : गहाणवट, जुने कपडे, वैद्यकी. डॉक्टर तेवढा रात्री बाहेर पडू शकत असे, कारण रोगी ख्रिश्चन सरदार असला तरी त्याला ज्यू डॉक्टरचा हात चालत होता. जागा तेवढीच आणि माणसे वाढलेली, म्हणून घरे वर चढत गेली. चौकात उभे राहून आम्ही मजले मोजले. कुठे सात, कुठे आठ. खिडक्यांच्या रांगा इतक्या जवळ की आतली छते किती बुटकी असतील याचा अंदाज बाहेरूनच येतो.

इथपर्यंत साम्य आहे. पण साम्य पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही, फरकही पाहिला पाहिजे. ज्यूंना कोंडले, तरी त्यांच्या हातातली पाटी काढून घेता आली नाही. वस्तीत त्यांची प्रार्थनामंदिरे होती, पठण होते. व्हेनिसमध्येच १५२० ते १५२३ या काळात बाबिलोनी तालमूद प्रथमच संपूर्ण छापला गेला. १५५३ साली सेंट मार्कच्या चौकात त्याच्या प्रती जाळण्यात आल्या, हेही खरे. जाळायला तिथे ग्रंथ तरी होते. आपल्याकडे अक्षरच वस्तीपर्यंत पोहोचू दिले नाही.

जुन्या घेट्टोच्या तोंडाशी दगडात बिजागरीच्या खाचा अजून दिसतात. १७९७ साली नेपोलियनची फौज आली आणि त्या जुलैत हे दरवाजे उखडून जाळण्यात आले. खाचांवरून हात फिरवत आमच्यातला मराठवाड्याचा मित्र म्हणाला, “आमच्या वस्तीला दरवाजा कुठंय? जाळायचं तरी काय?” त्यावर विदर्भातली आमची ताई म्हणाली, “अरे, म्हणून तर महाडला मनुस्मृती जाळावी लागली!” २५ डिसेंबर १९२७ ची ती आठवण इतक्या दूर निघावी, याचे आम्हाला तिथे नवल वाटले नाही.

पण दरवाजे जळाले म्हणजे सारे संपले, असे तिथेही झाले नाही. चौकातल्या भिंतीवर कांस्याचे स्मारक आहे. १९४३-४४ मध्ये या शहरातून दोनशेहून अधिक ज्यूंना छळछावण्यांकडे नेण्यात आले. सप्टेंबर १९४३ मध्ये ज्यू समाजाचे प्रमुख डॉ. ज्युसेप्पे योना यांच्याकडे समाजातील लोकांची यादी मागण्यात आली. त्यांनी यादी दिली नाही, आत्महत्या केली. दीडशे वर्षे मोकळा वावरणारा समाज एका यादीने पुन्हा वेगळा काढता येत होता!

व्हेनिसने त्या वस्तीचे नाव मात्र बदललेले नाही. आजही पाटीवर घेट्टोच आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये महारवाडा, मांगवाडा अशी जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. मित्राचे म्हणणे असे की, पाटी बदलली, वस्ती ओढ्यापलीकडेच राहिली. मग जुने नाव इतिहास म्हणून कुठेतरी कोरून ठेवा, नाहीतर उद्या म्हणतील असे काही नव्हतेच. ताई भडकली. “शाळेच्या हजेरीत वस्तीचं नाव घेऊन मला हाक मारायचे. ते नाव तू जपून ठेव, मला नको,” ती म्हणाली. रात्रीच्या बसमध्ये बसल्यावरही हा वाद थांबला नव्हता.