मन खचले तर ताटाकडेही पाहावे

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना वाटेत इच्छापोर लागते. हिवाळ्यात सुरतेच्या या मुलखात ज्वारीचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, लोक मोठ्या आवडीने खातात. ज्वारी हे सकस धान्य खरेच. परंतु गरिबीमुळे वर्षभर केवळ तिच्यावरच पोट भरावे लागले, तर देहाबरोबर मनही दुबळे होऊ शकते.

पेलाग्रा नावाच्या रोगात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, हगवण लागते, झोप उडते, उदासी येते व पुढे भ्रमही होतो. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून अमेरिकेत या रोगाचा शोध घेतला. तेथे मक्यावर जगणाऱ्या गरिबांस तो जडत असे. जॉर्जियातील मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांस दूध, अंडी, मांस व कडधान्ये देवविली आणि रोग हटला. उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची होती, हे १९३७ नंतर स्पष्ट झाले. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही हाच रोग आढळे. हैदराबादचे डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याविषयी आपले संशोधन प्रसिद्ध केले.

प्रत्येक उदासी पेलाग्राची नसते. तथापि २०१७ साली ऑस्ट्रेलियात प्रा. फेलिस जॅका यांनी नैराश्याच्या ६७ रुग्णांवर १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. भाज्या, फळे, कडधान्ये व मासे यांचा आहार शिकविलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. ज्यांस केवळ सोबत व गप्पागोष्टी मिळाल्या, त्यांच्यापैकी ८ टक्के. प्रयोग लहान होता, आणि बहुतेकांचे औषध वा समुपदेशन चालूच होते. म्हणून आहार हा उपचाराचा सोबती मानावा, पर्याय नव्हे.

घरातील कोणी अबोल झाले की आपण त्यास आळशी म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. वाचकहो, तसे न करता त्यास प्रेमाने डॉक्टरांकडे न्यावे, आणि तो काय खातो, किती दिवस अर्धपोटी आहे, हे त्यांस सांगावे. डॉक्टरांस विचारल्याविना औषध बंद करू नये. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, जमेल तेव्हा दूध, अंडे वा मासळी असावी. सर्वांस वाढून मागे उरेल तेवढ्यावर भागविणाऱ्या माउलीच्या ताटाकडे तर आम्ही आधी पाहावयास सांगू.