घरच्या घरी सायलेन्सर बदलताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावांतून बाजार, बँक, तहसील कचेरी, दवाखाना गाठायचा तर तीच हाताशी असते, आणि ती बिघडली की दिवसाची मजुरीही बुडते. या गाडीचा सायलेन्सर कधी ना कधी गंजून फाटतोच. तो घरच्या अंगणात, साध्या पान्यांनी, पहिल्यांदाच हात घालणाऱ्यालाही बदलता येतो. तरीही हे काम बिघडलेलं पुष्कळदा दिसतं. कसब कमी पडलं म्हणून बिघडलं असं त्यात क्वचितच असतं. बहुतेक वेळा सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारी एक पोकळ नळी, ती कोणतीही चालते, कशीही आवळली तरी चालते, ही समजूत नडते. खरं पाहता सायलेन्सर हा इंजिनाचाच शेवटचा भाग आहे. हे एकदा ध्यानात घेतलं की बाकीचे गैरसमज कुठून येतात तेही कळतं.

सर्वांत पक्की बसलेली समजूत म्हणजे आवाज मोठा तर ताकद मोठी. जाळी काढली, मागे भोकं पाडली किंवा बाजारात 'पंजाबी', 'इंदोरी' म्हणून मिळणारा सायलेन्सर बसवला की इंजिन मोकळा श्वास घेतं, असं सांगतात. याच्या नेमकी उलट समजूतही तितकीच चालते: इंजिनाला मागून दाब लागतोच, दाब गेला की ताकद जाते. दोन्हींत अर्धंच सत्य आहे. मागचा दाब कोणत्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवा असतो तो नळीतल्या वायूचा वेग आणि दाबाच्या लाटेची अचूक वेळ. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेला वायू झोताने बाहेर पडतो. त्याच्यासोबत दाबाची लाट पुढे धावते, आणि नळी जिथे रुंदावते तिथून कमी दाबाची लाट माघारी येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना ती सिलेंडरपाशी पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करते. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीची, म्हणजे बेंड पाइपाची, लांबी आणि जाडी या हिशेबाने ठरवलेली असते. टू-स्ट्रोक गाड्यांत तर याचं महत्त्व आणखी मोठं. 1985 ते 1996 या काळात भारतात विकल्या गेलेल्या यामाहा आरएक्स 100 च्या सायलेन्सरचा फुगीर आकार दिखाव्यासाठी नव्हता. बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-मिश्रण परतणारी लाट पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलत असे. त्या गाडीला भलताच सायलेन्सर लावला की आवाज वाढायचा आणि दम मात्र कमी व्हायचा.

आपल्याकडे रोज दिसणाऱ्या 100 ते 125 सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत नळी मोकळी केल्याने हाती काय लागतं? अगदी वरच्या आरपीएमला किंचित फरक पडू शकतो. पण बाजारातल्या गर्दीत आणि गावरस्त्यावर गाडी जिथे चालते, त्या खालच्या आरपीएमला ओढ बहुधा कमीच होते. कार्ब्युरेटरची गाडी असेल आणि जेट तसंच ठेवलं असेल, तर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, ॲक्सिलरेटर सोडला की फटाके वाजतात. त्या फटाक्यांना कोणी जोर समजत असेल, तर ते न जळलेलं पेट्रोल नळीत पेटल्याचा आवाज आहे. ॲव्हरेज वाढण्याचं तर नावच नको.

दुसरा गैरसमज गंजाचा. सायलेन्सर पावसाने, चिखलाने गंजतो म्हणून बाहेरून रंग मारला, तेल पुसलं की झालं, असं वाटतं. बाहेरचा गंज खराच, आणि धानाच्या बांधीतून, चिखलातून रोज जाणाऱ्या गाडीला तो टळतही नाही. पण सायलेन्सर फाटतो तो बहुतेक वेळा आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की 900 मिलिलिटरच्या आसपास पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात बाहेर पडतं. मात्र गाडी घरापासून चौकापर्यंतच गेली, तर सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफ आतच थंड होते आणि पाणी तळाशी साचतं. धुरातले आम्लधर्मी घटक त्यात मिसळले की पत्रा आतून खाल्ला जातो. बऱ्याच सायलेन्सरांच्या तळाला एक बारीक छिद्र असतं ते या पाण्यासाठी. हिवाळ्यात सकाळी गाडी चालू केल्यावर तिथून थेंब ठिबकताना दिसले की इंजिनात पाणी शिरलं म्हणून माणूस घाबरतो, कधी ते छिद्रच वेल्डिंगने बुजवून टाकतो. थेंब टपकणं ठीक आहे, छिद्र बुजवणं मात्र सायलेन्सरचं आयुष्य कमी करणारं आहे. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी गाडी दहा-पंधरा किलोमीटर सलग चालवावी.

आता प्रत्यक्ष बदलण्याकडे. 'दोन नट आणि एक बोल्ट, त्यात काय एवढं' हे वाक्य खरं आहे आणि फसवंही. साध्या गाडीत बेंड पाइप हेडला दोन स्टडवर दोन नटांनी धरलेला असतो आणि मागे सायलेन्सर चॅसिसला एक-दोन बोल्टांनी. काही गाड्यांत फूटरेस्ट किंवा ब्रेकचं पेडल आड येतं, ते आधी काढावं लागतं. खरी कसोटी त्या दोन नटांपाशी लागते. स्टड पोलादी, हेड ॲल्युमिनियमचं, आणि वर्षानुवर्षं दर फेरीला तापून थंड झाल्याने नट स्टडवर अक्षरशः भाजला गेलेला. नवशिका इथे लांब पाना लावतो आणि जोर काढतो. स्टड मुळाशी तुटतो आणि तासाभराचं काम लेथवाल्याच्या दुकानात जाऊन पडतं. जोर लावून नट निघतो हा समज सोडून द्यायला हवा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, सकाळी पुन्हा मारावं. तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करावेत. पूर्ण गोल पकडणारा रिंग पाना किंवा सॉकेट वापरावं, कारण उघड्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे खातो. नट किंचित सैल झाला की थांबून पुन्हा आवळावा, पुन्हा सैल करावा, म्हणजे गंजाची पूड आट्यांतून बाहेर येते. नट फिरतोय पण बाहेर येत नाही, किंवा स्टडच पिळतोय असा हाताला भास झाला, तर तिथेच थांबून मिस्त्रीकडे जावं.

पॅकिंगच्या बाबतीत काटकसर सर्वांत महाग पडते. बेंड पाइप आणि हेड यांच्यामधली ही कडी आवळल्यावर चेपून जागा धरते. एकदा चेपलेली कडी दुसऱ्यांदा तशी बसत नाही, म्हणून जुनी 'चांगली दिसते' हा मुद्दाच लागू होत नाही. तिच्याऐवजी घरगुती पुट्टी लावण्यात अर्थ नाही, कारण हेडजवळची उष्णता काही शे अंशांची असते. नवी कडी घालण्याआधी जुनी खाचेतून खरवडून काढली की नाही, हे बॅटरी लावून पाहावं. जुनीवर नवी बसवली की गळती ठरलेली. मग सगळे नट-बोल्ट आधी हातानेच सैल लावायचे. हेडचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळायचे, आणि मागचे बोल्ट सर्वांत शेवटी. मागचा बोल्ट आधी आवळला तर नळी ताणात राहते आणि काही महिन्यांत ब्रॅकेटला चीर जाते. घट्ट म्हणजे पक्कं, या समजुतीपायी हेडचे आटे गेल्याची उदाहरणं कुठल्याही गॅरेजात पाहायला मिळतील. काम झाल्यावर गळती आहे का, हे जोडाभोवतीची काजळी सांगते. थोडी गाडी चालवून आल्यावर तिथे काळा पट्टा उमटला तर कडी नीट बसलेली नाही.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाड्यांबाबत 'त्यांना घरी हातच लावता येत नाही' असंही म्हणतात, आणि 'काही फरक नाही' असंही. फरक आहे. नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो आणि बेंड पाइपात किंवा सायलेन्सरच्या पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सेन्सरची वायर ओढायची नाही, क्लिप दाबून जोड सोडवायचा. त्याच्या टोकाला तेल किंवा सिलिकॉन लागू द्यायचं नाही. जोडापाशी गळती राहिली तर बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सर चुकीचं वाचतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोलचं प्रमाण चुकीचं ठरवतो. एवढं सांभाळलं तर हेही काम घरी होतं. मूळ सायलेन्सर महाग आहे हा आक्षेप रास्त आहे, आणि महिन्याच्या कमाईतून तो घेणाऱ्याची अडचण हलकी मानण्यासारखी नाही. पण कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात. निम्म्याहून कमी किमतीच्या नकलेत नेमकं तेच नसण्याची शक्यता मोठी. जुन्या, कन्व्हर्टर नसलेल्या गाडीला लहान भोक पडलं असेल, तर सायलेन्सर उतरवून गॅस वेल्डिंग करून घेणं हा स्वस्त आणि सरळ मार्ग आहे.

कायद्याबद्दलचे समज तर नुकसानकारकच आहेत. पीयूसी आहे म्हणजे सायलेन्सर चालतो, असं अनेकांना वाटतं. पण पीयूसी केंद्रात धूर तपासतात, आवाज मोजत नाहीत. नव्या मोटारसायकलसाठी आवाजाची मर्यादा 80 ते 175 सीसीला 77 डेसिबल आणि त्यावर 80 डेसिबल आहे. डेसिबलचं मोजमाप साधं बेरजेचं नाही: 10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 (2) नुसार ध्वनी वा धुराचं मानक मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र होऊ शकतं. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. फाटलेल्याच्या जागी मूळ नमुन्याचाच सायलेन्सर बसवणं हा बदल नव्हे, ती दुरुस्ती आहे. आणि हा कायदा केंद्राचा आहे. एमएच-35 च्या शेजारी बालाघाटची एमपी-50 किंवा राजनांदगावची सीजी-08 पाटी असली म्हणून नियम वेगळा होत नाही.

'मोठ्या आवाजाने समोरचा सावध होतो, जंगलातल्या रस्त्यावर जनावर बाजूला होतं' हा युक्तिवाद प्रामाणिकपणे केला जातो, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. सर्वांत जास्त आवाज मागच्याला ऐकू येतो आणि धोका बहुधा समोर असतो. सावध करायला हॉर्न आहे आणि वेग कमी करणं हाताशी आहे. नवेगाव-नागझिराच्या परिसरात आणि सारस पक्ष्यांचा अधिवास असलेल्या तलावांकाठी फाटक्या आवाजाची गाडी नेणं तर अजिबात समर्थनीय नाही.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा आहे: गळती असेल तर वासाने कळेलच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. काम पडवीत केलं तरी गाडी चालू करून पाहायची ती उघड्यावरच. थंडी आहे, पाऊस आहे म्हणून खोलीत किंवा दार लोटलेल्या शेडमध्ये एक मिनिटही नको. नवीन सायलेन्सरमधून पहिल्यांदा निघणारा पांढरट धूर वरचं तेल जळण्याचा असतो, तो काही मिनिटांत थांबतो. काम सुरू करण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, लहान मुलांना लांब ठेवा, आणि पन्नासेक किलोमीटर गाडी चालल्यावर थंड इंजिनावर हेडचे दोन्ही नट एकदा पुन्हा तपासा. नवी कडी तोवर आणखी थोडी चेपलेली असते, आणि नट किंचित सैल सापडले तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.