सगळ्या गाड्यांचं गॅरेज की जिप्सीचं गॅरेज?

चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, वडसा, कुठेही जा. "सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त केल्या जातील" असे बोर्ड दिसतातच. आपल्या समाजातली कितीतरी मुलं या धंद्यात आहेत. हातात कला आहे, मेहनतही आहे. पण गिऱ्हाईकाला चारही गॅरेज सारखीच वाटतात, म्हणून तो फक्त भाव पाडून मागतो. यावर एक उपाय म्हणजे एकच काम धरायचं आणि त्यात नाव कमवायचं.

ताडोब्याचं उदाहरण घ्या. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांवरून सफारीच्या जिप्सी सकाळी आणि दुपारी जंगलात जातात. मारुतीने ही गाडी 1985 मध्ये आणली आणि 2019 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद केली. म्हणजे गाड्या जुन्या होत आहेत, नव्या येत नाहीत आणि काम मात्र रोजचं आहे. कच्च्या रस्त्याने कमान पाटे ढिले होतात, धुळीने एअर फिल्टर भरतो. गाडी बंद पडली की मालकाची फेरी बुडते. अशा माणसाला स्वस्त मिस्त्री नको असतो, दुपारच्या फेरीआधी गाडी उभी करून देणारा मिस्त्री हवा असतो.

मग धंदा त्याच्या वेळापत्रकावर बसवा. मंगळवारी कोअरमधली सफारी बंद असते, तो दिवस सर्व्हिसिंगचा. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सची मोठी कामं घ्या. नेहमी लागणारे पार्ट आधीच आणून ठेवा. जुम्म्याची नमाज दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत येते, म्हणून ती वेळ बोर्डावर स्पष्ट लिहा.

जाहिरातीला मोठा खर्च लागत नाही. बोर्डावर "जिप्सी स्पेशालिस्ट" एवढंच लिहा. बदललेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्या, कामाची तारीख वहीत लिहा आणि पुढची सर्व्हिसिंग जवळ आली की व्हॉट्सॲपवर कळवा. ड्रायव्हर गेटवर रोज एकमेकांना भेटतात. एकाचं काम चोख झालं की बाकीच्यांना आपोआप कळतं. पण एकाला फसवलं तर तेही तितक्याच लवकर कळतं.

यात धोकाही आहे. जिप्सी कायम राहणार नाहीत, म्हणून त्यांच्या जागी येणाऱ्या गाड्यांचं काम आतापासून शिका. सुरुवातीला इतर गाड्या घेणंही बंद करू नका. जिप्सीचं काम वाढेल तसं बाकीचं कमी करा.

हाच हिशोब धानाच्या पट्ट्यातही लागू होतो. ब्रह्मपुरी, वडसा भागात मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याने राईस मिलच्या मोटारी धरल्या, तर हंगामाआधीच गिरणीवाले त्याला शोधत येतील. आपल्या गावात कोणाचं काम थांबलं की त्याचा रोजचा पैसा बुडतो, हे आधी बघा. तुमचं गिऱ्हाईक तिथेच आहे.