कॅमेरा पाहील, पण धावून कोण येईल?

मैत्रिणींनो, हल्ली चौकाचौकात खांबांवर कॅमेरे दिसतात. मुंबईत २०१६ मध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांची सरकारी योजना सुरू झाली. मंगळसूत्र घालून भाजीला निघालेल्या बाईला त्यानं धीर येतो, हे खरंच. पण नुसता कॅमेरा चोराचा हात धरत नाही, बरं का!

गेल्या चाळीस वर्षांतल्या देशोदेशीच्या पाहण्यांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे नसलेल्या भागांपेक्षा कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. मारहाणीसारख्या गुन्ह्यांत मात्र फारसा फरक नव्हता. जिथे पडद्यासमोर माणूस नजर ठेवून होता आणि जोडीला इतर उपायही होते, तिथे गुण अधिक आला.

माणसांची ही जोड किती मोलाची, हे भिवंडीनं कॅमेऱ्यांवाचूनच दाखवलं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

तेव्हा सोसायटीत कॅमेरा असेल, तर विचारून ठेवा: तो चालू आहे ना? चित्रण किती दिवस राहतं? जुन्यावर नवं चढत जातं. म्हणून काही घडलं, तर वेळ टिपून लगेच ११२ वर कळवा. आणि समोरच्या वहिनींच्या दाराशी कुणी अनोळखी घुटमळताना दिसला, तर ‘आपल्याला काय करायचंय?’ म्हणून दार लावून घेऊ नका.