पाणी पिणारं चाक

माथेरानला दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही. त्यामुळे बिघडलेलं यंत्र उचलून पायथ्याच्या नेरळला दुरुस्तीला टाकणं इथे सोपं नाही. दहा-पंधरा किलोचा बेंच ग्राइंडर आधी कुणाच्या तरी डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून खाली न्यावा लागतो. चपला शिवणाऱ्याची रापी, सुताराची पटाशी, माळ्याचा कोयता या सगळ्यांना धार देणारा जुना ग्राइंडर थरथरायला लागला, की तो घरीच उघडलेला बरा. आणि उघडला की त्यात काय काय दडलेलं असतं!

आधी चाकच पाहा. ते दगडाचं वाटतं, पण खरं तर ती कुंभारकामाची वस्तू आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे टणक दाणे माती आणि फेल्डस्पारमध्ये कालवून भट्टीत हजार अंशांच्या वर भाजतात. माती वितळून काच होते आणि दाण्यादाण्याला धरून ठेवते. हे भाजलेलं चाक १८७०च्या दशकात अमेरिकेतल्या वूस्टर गावी, फ्रँकलिन नॉर्टन यांच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात, स्वेन पल्सन या स्वीडिश कारागिराने घडवलं. भारतात अशी चाकं बनू लागली ती १९४१ साली, आणि तीही आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणजवळच्या मोऱ्याला, ग्राइंडवेलच्या कारखान्यात. माथेरानच्या एखाद्या पडवीत फिरणाऱ्या चाकाचं कूळ इतकं जवळ निघावं, याचा मला फार आनंद वाटतो.

भाजलेल्या मातीला छिद्रं असतात, तशी या चाकालाही असतात. कापलेल्या लोखंडाचा कीस घटकाभर मावायला ती हवीतच. पण माथेरानच्या चार महिन्यांच्या पावसात, धुकं थेट घरात शिरतं तेव्हा, तीच छिद्रं ओल पितात. चाक उभं आणि थांबलेलं असेल तर पाणी खालच्या अर्ध्यात उतरतं. बाहेरून काहीच दिसत नाही; चाक मात्र एका बाजूला जड झालेलं असतं.

जड म्हणजे किती? आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ग्राइंडरची मोटर मिनिटाला साधारण २,८५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४७ हून जास्त. १५० मिलिमीटरच्या चाकाची कड तेव्हा ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. त्या कडेवर एकच ग्रॅम जास्त असला, तरी तो जवळजवळ पाऊण किलोच्या जोराने शाफ्टला बाहेर ओढतो, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात सगळ्या दिशांना फिरते. आता दोन-चार चमचे पाण्याचा हिशेब करा. बेअरिंग का झिजतात आणि भेगाळलेलं चाक का फुटतं, ते आपोआप कळतं.

म्हणून दुरुस्ती चाकापासूनच सुरू करावी. प्लग काढा, दोन्ही टोकांच्या चाकांचे नट सोडा. उजवीकडचा नट नेहमीसारखा सुटतो, डावीकडच्याला उलटे आटे असतात. मोटर सुरू होताना मागे रेंगाळणारं चाक नटाला घट्टच करत राहावं, म्हणून ही उलटापालट. चाक बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. धडधाकट आणि कोरडं चाक खणखणीत वाजतं. बद्द वाजलं तर ओल असेल किंवा भेग. कोरड्या, हवेशीर जागी बरेच दिवस ठेवून पुन्हा वाजवा. तरीही बद्दच असेल तर फेकून द्या, त्यात काटकसर नको.

मग चाकांशिवाय नुसती मोटर चालवा. ती शांत असेल तर दोष चाकांत किंवा त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्यांत, म्हणजे फ्लँजमध्ये आहे. थरथरत असेल तर बेअरिंग किंवा शाफ्ट. नुसती घुमते पण फिरत नाही, असं असेल तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. (त्याच्या टोकांना हात लावण्याआधी त्यातली वीज उतरवा.) मला सगळ्यात आवडतं ते चाकं चढवलेली मोटर बंद केल्यानंतरचं अर्धं-एक मिनिट. वेग उतरता उतरता एका क्षणी सगळं टेबल थरारतं आणि लगेच शांत होतं. यंत्र आणि टेबल यांची मिळून स्वतःची एक कंपनसंख्या असते. चाकाचे फेरे तिच्याशी जुळतात तेवढ्यापुरता हा थरार.

चाक परत चढवल्यावर त्याची डुगडुग काढायची युक्ती साधी आहे. हत्यार टेकवायच्या पट्टीवर, म्हणजे टूल रेस्टवर, पेन्सिल टेकवून, चाक हाताने फिरवून, ते कुठे घासतं ते पाहा. फ्लँजवर खडूची खूण करा, नट सैल करून फ्लँज पाव फेरा फिरवा, पुन्हा आवळा, पुन्हा पाहा. एका तुकड्याचा वाकडेपणा दुसऱ्याच्या वाकडेपणाने खोडला जातो. दोन्ही बाजूंचे कागदी वायसर विसरू नका; काचेसारख्या ठिसूळ चाकावर लोखंडाचा दाब त्यांच्यामुळे सारखा पसरतो. उरलेला उंचसखलपणा ड्रेसरने, म्हणजे चाक घासून सारखं करणाऱ्या हत्याराने, उतरवा आणि टूल रेस्ट चाकापासून ३ मिलिमीटरच्या आत आणा. पहिल्यांदा सुरू करताना गार्ड लावलेलं असावं, डोळ्यांवर चष्मा असावा आणि मिनिटभर बाजूला उभं राहावं.

आता कोयता लावा. उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे चाकाच्या एका दाण्याने कापलेला लोखंडाचा कण असतो, हवेत जळणारा. पोलादात कार्बन जास्त तितक्या ठिणग्या फुटून फुलतात, म्हणून जाणता कारागीर ठिणगीवरून पोलाद ओळखतो. खाली पडलेली पूड भिंगाखाली धरली तर तिच्यात वितळून गोल झालेले बारीक मणी दिसतात.

मृग लागायच्या आत दोन्ही चाकं काढून कोरड्या कपाटात आडवी ठेवावीत, आणि पाऊस सरला की वाजवून पाहूनच परत चढवावीत.